पंचवटीला जाताना टेप बरोबर घ्या

पंचवटीला आपण पहिल्यांदा कधी गेलात, हे कदाचित आठवणार नाही. पण सीतागुंफेत पहिल्यांदा उतरलात तो दिवस बहुधा आठवत असेल. वडिलांचा हात सुटला, पुढे कोणाचे तरी धोतर किंवा नऊवारीचा काठ तेवढा दिसत होता, डोके सांभाळा असे कोणी तरी सांगत होते, आणि दगडाचा गारवा दोन्ही खांद्यांना लागत होता. लहान मुलांना ती गुंफा फार आवडते. त्यांना वाकावे लागत नाही. तीच गुंफा सत्तरी ओलांडल्यावर समोर येते तेव्हा मनात श्रद्धेइतकाच दुसराही एक प्रश्न उभा राहतो: आपण यात मावू का? आणि मावलो, तर बाहेर येऊ का?

या प्रश्नाची लाज वाटण्याचे कारण नाही. तो व्यवहाराचा प्रश्न आहे आणि त्याला व्यवहाराचेच उत्तर आहे. आमच्या घरी ते उत्तर उशिरा सापडले, म्हणून हा लेख.

आईचे वय तेव्हा शहात्तर होते. लग्नानंतर सासूबाईंबरोबर ती गुंफेत गेली होती, त्यानंतर कधी नाही. काळारामाचे दर्शन झाल्यावर ती म्हणाली, "एवढे आलोच आहोत तर सीतामाईला भेटून जाऊ." ती सडपातळ. त्यामुळे आम्ही भावंडांनी फक्त तिच्या अंगाकडे पाहिले आणि म्हणालो, "तू तर सहज जाशील." ती गेलीही. अडचण आली ती पुढे, जिथे छत खाली येते आणि माणसाला जवळजवळ उकिडवे होऊन सरकावे लागते. तिचा उजवा गुडघा तेवढा वाकेना. पुढे जाता येईना. मागे वळावे, तर मागच्या माणसांची रांग पाठीला लागलेली. शेवटी ती खाली बसली आणि हातांवर भार देत बसल्या बसल्या पुढे सरकली. बाहेर आली तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. गुडघा पंधरा दिवस सुजला, तो उतरला. पण त्यानंतर आठ महिने ती कुठल्याच देवळात, कुठल्याच लग्नात आली नाही, ते आम्हाला अधिक लागले. "माझ्यामुळे लोक खोळंबले," एवढेच ती म्हणत असे.

चूक आमची होती. आम्ही चुकीचे माप घेतले होते.

हे माझ्या ध्यानात आले ते अगदी अनपेक्षित ठिकाणी, इंग्लंडमधील कालव्यांविषयी वाचताना. तिकडे अठराव्या शतकात मालवाहतुकीसाठी कालवे खणले गेले. कालवा टेकडी चढतो किंवा उतरतो तिथे पाण्याच्या पायऱ्या असतात; त्यांना लॉक म्हणतात. दोन्ही टोकांना दरवाजे असलेला दगडी हौद अशी त्याची कल्पना करा. नाव आत घ्यायची, मागचे दार लावायचे, पाणी भरायचे किंवा सोडायचे. नाव वर चढते किंवा खाली उतरते, मग पुढचे दार उघडायचे. पनामाच्या कालव्यातील जहाजांची चित्रे आपण पाहिली असतील; तत्त्व तेच, आकार मात्र घरगुती. या कालव्यांवर नॅरोबोट नावाच्या लांबट नावा चालतात. रुंदी जेमतेम सात फूट, लांबी मात्र सत्तर-बहात्तर फुटांपर्यंत. आज त्यांत माल नसतो. हौशी कुटुंबे असतात, आणि निवृत्तीनंतर वर्षानुवर्षे त्यावरच राहणारी जोडपीही असतात.

अशी नाव घेणाऱ्याचा पहिला विचार रुंदीचा असतो, कारण नावच मुळी अरुंदपणाचे. पण लीड्स ते लिव्हरपूल हा कालवा पाहा. १७७० मध्ये सुरू होऊन १८१६ मध्ये पूर्ण झालेला, तब्बल १२७ मैलांचा. त्याचे लॉक चौदा फूट रुंद, म्हणजे दोन नावा शेजारी शेजारी राहाव्यात इतके ऐसपैस. मात्र विगन ते लीड्स या टप्प्यातील लॉकची लांबी सुमारे बासष्ट फूटच. बहात्तर फुटी नाव त्यांत मावत नाही. रुंदीला दुप्पट जागा असून उपयोग नाही. अडते ते लांबीत. म्हणून सगळीकडे फिरू पाहणारे लोक सुमारे सत्तावन्न फुटांची नाव पसंत करतात. साठ फुटांच्या आसपासची नाव असेल, तर जाणकार ती लॉकमध्ये तिरकी उभी करतात. नावेचे नाक निमुळते असते, ते एका कोपऱ्यात आणि शेपूट समोरच्या कोपऱ्यात, अशी थोडी जागा मिळवतात.

त्यातला एक धोका मला फार बोलका वाटला. वरच्या दारापाशी पाण्याखाली एक दगडी उंबरठा असतो. हौद भरलेला असताना तो दिसत नाही. नाव ऐटीत आत येते, जागा पुरेशी वाटते. पाणी उतरू लागले की उंबरठा उघडा पडतो. नावेचे शेपूट त्यावर राहिले असेल तर ते तिथेच अडकते आणि नाक खाली जाऊ लागते. अशाने नावा बुडालेल्या आहेत. म्हणजे आत शिरताना जेवढी जागा होती, तेवढी उतरताना राहत नाही.

आईचा गुडघा आठवला. आत शिरताना तो ताजा होता.

गुंफेसाठी खरे माप कमरेचे नव्हेच. पोटाचा घेर मोठा असूनही चपळ माणसे सहज बाहेर येतात आणि आईसारखी सडपातळ माणसे अडतात. पाहायचे ते गुडघा किती वाकतो, पाठ किती वेळ वाकलेली राहू शकते आणि त्या अवस्थेत श्वास कसा चालतो. हे सगळे घरी पाहता येते. हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठून बसता येते का ते पाहा. भिंतीचा आधार घेऊन बुटक्या स्टुलावर, मग पाटावर बसा आणि उठा. कोणी तरी जवळ असू द्या. पुढे वाकून दहा-वीस पावले चाला. एवढ्यात मांड्या थरथरल्या, धाप लागली किंवा उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तर उत्तर मिळाले. रक्तदाबाच्या काही औषधांमुळे खाली बसून एकदम उठताना रक्तदाब उतरतो. वैद्यकीय भाषेत त्याला मोठे नाव आहे. गुंफेत त्याचा अर्थ एवढाच की, दगडी पायरीवर तोल जाऊ शकतो.

काहींनी तर ही परीक्षाही करू नये. खुब्याचा सांधा बदललेला आहे, मणक्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत, हृदय किंवा फुप्फुसे दुबळी आहेत, चक्कर येण्याचा त्रास आहे, अशांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. गुडघा बदललेल्यांनीही विचारावे. चालणे उत्तम जमले तरी उकिडवे बसणे जमेलच असे नाही. आणि स्मृतिभ्रंश असलेल्या आईवडिलांना घेऊन आपण आला असाल, तर माझे मत स्पष्ट आहे: आत नेऊ नका. अंधार, अरुंद वाट, पुढेमागे अनोळखी माणसे आणि मागे वळण्याची सोय नाही. घाबरलेल्या माणसाला तिथे समजावता येत नाही, आणि आपण त्यांच्या पुढे असाल तर मागे वळून त्यांचा हात धरणेही कठीण होते.

गुंफेबाहेर राहावे लागले तर पंचवटी हुकली असे मुळीच नाही. जिच्यावरून या वस्तीला नाव मिळाले ते पाच वड तिथेच, गुंफेच्या अगदी जवळ आहेत. झाडांना क्रमांकही दिलेले आहेत. नातवंडांना ते मोजायला लावा. राम खर-दूषणांच्या चौदा हजार राक्षसांशी लढत असताना सीतेला या गुंफेत ठेवले होते, अशी इथली कथा. म्हणजे ही मुळात लपण्याची, सुरक्षित राहण्याची जागा. तिथे जाताना आपली सुरक्षितता विसरणे सीतामाईलाही रुचले नसते.

आता चाकाच्या खुर्चीविषयी. नेहमीची घडीची खुर्ची सुमारे साठ ते पासष्ट सेंटिमीटर रुंद असते, आणि पाय ठेवायच्या पट्ट्या धरून एक मीटरहून अधिक लांब. पंचवटीच्या जुन्या गल्ल्यांत वाटेत दुकानांची मांडणी, फुलांच्या टोपल्या, दुचाक्या आणि एखादी निवांत गाय असते. सरळ रस्त्यावर खुर्ची जाते; अडते वळणावर, तिथे लांबी आडवी येते. आणि आपण खुर्ची मोजतो, ती ढकलणारा माणूस मोजायचा विसरतो. तो पाठीमागे आणखी दीड-दोन फूट जागा घेतोच. सुगम्य इमारतींसाठीच्या आपल्याकडील मार्गदर्शक तत्त्वांत दाराची मोकळी रुंदी नव्वद सेंटिमीटर, खुर्ची गोल फिरवायला दीड मीटर व्यासाची जागा आणि उताराला एक फूट उंचीमागे बारा फूट लांबी धरली आहे. जुन्या गावांतील जुन्या देवळांनी ही तत्त्वे वाचून आपली दारे बांधलेली नाहीत, म्हणून हे आकडे आपणच लक्षात ठेवायचे. पायाच्या पट्ट्या बाजूला वळवता किंवा काढता येणारी खुर्ची अशा ठिकाणी फार उपयोगी. कोपऱ्यावर त्या क्षणभर काढल्या की इंग्लंडातल्या तिरक्या नावेसारखी तीही वळते. त्या क्षणी पाय जमिनीला घासणार नाहीत एवढे मात्र पाहा.

या गल्ल्यांतून मोठी वस्तू कशी न्यावी हे पंचवटीला शिकवण्याची गरज नाही. चैत्रातल्या कामदा एकादशीला श्रीरामरथ आणि गरुडरथ याच वस्तीतून निघतात. तालमीतली माणसे दोर धरून रथ ओढतात, वळणावर वेग कमी होतो, आणि मानकरी बुवा रथाकडे तोंड करून उलट्या पावली चालत राहतात. देवाला पाठ दाखवायची नाही, ही त्यामागची भावना. आपल्यालाही कधी कधी असेच चालायचे असते. उतारावरून खुर्ची खाली नेताना ती उलटी करावी, आपण उताराच्या खालच्या बाजूला राहावे आणि मागे पाहत हळूहळू उतरावे. खुर्ची सरळ सोडली तर बसलेली व्यक्ती पुढे झुकते, घसरू शकते. (ज्यांच्या हातात ताकद कमी, त्यांनी हे एकट्याने करू नये.) यात्रेच्या दिवशी मात्र खुर्ची घेऊन या गल्ल्यांत येऊ नका, रथ पाहायचा तर ओळखीच्या एखाद्या घराच्या ओट्यावर आधीच जागा धरावी.

काळाराम मंदिर त्या मानाने ऐसपैस आहे. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रामशेजच्या काळ्या दगडात ते बांधवले. आवार सुमारे २४५ फूट लांब आणि १०५ फूट रुंद, भोवती उंच तट, चारही दिशांना दारे. चढायच्या चौदा पायऱ्या वनवासाच्या चौदा वर्षांच्या, असे सांगतात. कोणत्या दाराने पायऱ्या कमी लागतील, उताराची सोय आहे का, खुर्ची कुठवर नेता येईल, हे निघण्यापूर्वी देवस्थानला दूरध्वनी करून विचारावे. विचारायला संकोच करू नये. याच दारांशी २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी तो काही वर्षे नेटाने चालवला. तेव्हाही दार अरुंद नव्हते. माणसांना आत घेतले जात नव्हते. त्या दाराशी उभे राहिले की, आत जाण्याचा मार्ग विचारणे ही मेहेरबानी मागणे नव्हे, हे मला दर वेळी जाणवते.

तिथून रामकुंड पायी अगदी जवळ, पण वाट उताराची. पुष्कळजण इथे आप्तांच्या अस्थी घेऊन येतात; मन जड असते आणि पायाकडे लक्ष नसते. घाटाच्या पाण्यालगतच्या पायऱ्या ओल्या, शेवाळलेल्या असू शकतात. ज्येष्ठांनी पाण्यात उतरण्याचा हट्ट धरू नये. तांब्यात पाणी आणून वरच्या कोरड्या पायरीवर हातपाय धुतले तरी गोदावरी तीच. समोर उंचावर कपालेश्वर आहे, नंदी नसलेला महादेव म्हणून प्रसिद्ध. त्याच्या पायऱ्यांची चढण चांगलीच आहे. ज्यांना जिना चढताना छातीत दडपण येते त्यांनी खालूनच नमस्कार करावा.

नदीकाठी दुतोंड्या मारुती उभा आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले की नाशिककर पूर मोजतात तो याच मूर्तीवर: पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला आले. आकडे सरकारी दप्तरात असतातच. पण गावाला कळते ते अंगाचे माप. आई हे मला दाखवत म्हणाली होती, "बघ, मारुतीचेसुद्धा गुडघे आधी पाहतात."

हे ती म्हणाली दुसऱ्या खेपेला. त्या खेपेची हकिकत सांगायची राहिली.

पुन्हा जायचे ठरले तेव्हा तिला तयार करायलाच दोन महिने लागले. शेवटी मी तिच्या शिवणाच्या डब्यातली टेप काढली आणि तिच्यासमोर टाकून म्हटले, "आई, या वेळी मापे तू घे." जन्मभर तिने गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज बेतले, माप घेणे म्हणजे कमीपणा नव्हे, हे तिला मी काय सांगणार? तिने आधी भाड्याने आणलेल्या खुर्चीची रुंदी घेतली, मग लांबी, मग मला खुर्चीमागे उभे करून पुन्हा लांबी. "तू फार मागे उभी राहतेस," हा शेराही मिळाला. भाऊ आदल्या आठवड्यात एकटाच जाऊन आला. रिक्षा कुठवर येते, सावली कुठे आहे, बसून जाण्याजोगे स्वच्छतागृह कुठे, एवढे पाहून आला. नाशिकरोड स्थानकापासून पंचवटी नऊ-दहा किलोमीटर आहे, तेव्हा उतरल्यावर अर्धा तास विश्रांती आणि मगच पुढे, असे ठरले. सकाळी लवकर, आठवड्याच्या मधल्या दिवशी, सण नसताना. आपणही असाच दिवस धरावा. सिंहस्थाच्या पर्वात तर गर्दीचे आणि रस्त्यांचे सगळेच गणित बदलते. २०१५ नंतरचा सिंहस्थ आता २०२६-२७ मध्ये आहे, त्या काळात आजारी माणसाला घेऊन जायचे झाल्यास स्थानिक माणसाचा सल्ला घेतल्याशिवाय निघू नये.

गुंफेपाशी आल्यावर आम्ही कोणीच काही बोललो नाही. आत जायचे की नाही हे तिने ठरवायचे होते. ती खुर्चीतून उठली, दाराशी गेली, आत वाकून पाहिले. मागचे लोक थांबले. कोणी कुरकुर केली नाही. बराच वेळ ती तशीच उभी होती. मग मागे वळली आणि माझ्या मुलीला म्हणाली, "तू जा. नीट बघून ये. आल्यावर मला सगळे सांगायचे." फुलांची पुडी तिने नातीच्या हातात दिली.

ती वडाखाली बसली. वाईट वाटले नसेल असे मी म्हणणार नाही. पाच मिनिटे तिने आमच्याकडे पाहिले नाही. नात बाहेर आली आणि मोबाइलमधले खेळ सांगावेत तसे भराभर सांगू लागली. आईने तिला थांबवले. पहिल्यापासून सांग, म्हणाली. किती पायऱ्या, डोके कुठे लागले, उजेड कुठून येत होता, माणसे कुठे थांबली. मध्येच ती नातीची चूक दुरुस्त करी: "नाही गं, ते वळण त्याच्या आधी." पन्नास वर्षांपूर्वीची आणि आठ महिन्यांपूर्वीची, दोन्ही वाटा तिच्या डोक्यात होत्या. अर्धा तास त्या दोघी आतच होत्या.

नंतर काळारामाच्या पायऱ्या तिने स्वतःच्या मर्जीने चढल्या. चार चढून थांबली, पाणी प्यायली, मग पुढच्या चार. रामकुंडावर तांब्याने हातपाय धुतले. दुपारी जेवून ती गाडीत गाढ झोपली, आणि गुडघा दुसऱ्या दिवशीही ठीक होता.

टेप मात्र डब्यात परत गेली नाही. ती आता आईच्या पिशवीत, औषधांच्या पुडीशेजारी असते. गेल्या मार्गशीर्षात भाच्याच्या लग्नासाठी कार्यालय पाहायला आम्ही गेलो होतो. व्यवस्थापक हौसेने सभागृह दाखवत होता, दिवे लावून दाखवत होता. आई खुर्चीत बसून शांतपणे ऐकत होती. त्याचे बोलून झाल्यावर तिने पिशवीतून टेप काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "आधी न्हाणीघराचे दार मोजून ये."